तुमच्या सिलिंडरमधला बडीचा वाटा

टेक्निकल डायव्हिंगला, म्हणजे जिथून हवं तेव्हा सरळ पृष्ठभागावर येता येत नाही अशा डायव्हिंगला, उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर दोघांचा गॅस असतो. आमच्याकडं परभणी-हिंगोलीत विहीर सामाईक असली की कुणाचा किती हिस्सा ते सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं, आणि पाणी काठोकाठ दिसत असलं तरी भावाच्या पाळीला कुणी आपली मोटार चालू करत नाही. पाठीवरच्या सिलिंडरचंही तसंच आहे. गेजवर, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मापकावर, दिसतो तो सगळा आकडा तुमचा नसतो. त्यातला ठरावीक भाग बडीच्या, म्हणजे सोबत उतरलेल्या जोडीदाराच्या, नावावर असतो, आणि तो किती हे पाण्यात उतरण्याआधी कागदावर मांडलेलं असावं लागतं.

मी परभणीत राहते आणि डायव्हिंग शिकवते. माझ्याकडं येणारी बहुतेक मंडळी परभणी, नांदेड, लातूर, बीडची. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर, त्यामुळं आमचा निम्मा अभ्यास कोरड्यातच होतो, गच्चीवर आणि वहीत. गॅस वाटून घेण्याच्या बाबतीत मला ही उणीव वाटत नाही. या कामातल्या बऱ्याचशा चुका पाण्यात पाय ठेवण्याआधीच होऊन गेलेल्या असतात: हिशोबात, होजच्या (सिलिंडरमधून तोंडाकडं गॅस आणणाऱ्या नळीच्या) मांडणीत, बडी निवडताना.

एक गोष्ट आधीच सांगते. हे वाचून कुणी सिलिंडर भाड्यानं आणून शेतातल्या विहिरीत किंवा धरणात उतरू नये. जायकवाडीचा नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे. शिवाय कुठल्याही धरणाच्या दरवाज्यांजवळ आणि विसर्गाच्या तोंडाशी पाण्याची जी ओढ असते, तीतून माणूस स्वतःच्या ताकदीनं सुटत नाही. गढूळ पाण्यात बडीचा हात दिसत नाही, मग खूण कशी दिसणार? मी लिहिते आहे ते रीतसर प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी. शिकवलेलं पक्कं व्हावं, इतकाच हेतू.

वाट बडीकडूनच का जाते

उथळ, साध्या डाइव्हमध्ये गॅस बंद पडला तर श्वास सोडत सोडत वर येता येतं. टेक्निकल डाइव्हमध्ये डोक्यावर छत असतं. गुहेचं किंवा बुडालेल्या जहाजाचं असेल तर ते दिसतं. डेकोचं, म्हणजे वर येताना घ्याव्या लागणाऱ्या थांब्यांचं, छत दिसत नाही, पण तेही तितकंच पक्कं. ४५ मीटरवर २५ मिनिटं काढली की शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, ठरलेल्या खोलीवर थांबे घेत वर यावं लागतं. सरळ वर आलात तर ते वायू बुडबुड्यांच्या रूपानं रक्तात आणि सांध्यांत सुटतात. मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून तुमचा गॅस गेला की सर्वांत जवळचा श्वास वर नसतो. तो शेजारी दोन मीटरवर, दुसऱ्याच्या तोंडात असतो.

दोन मीटर हे अंतर मी ठरवून लिहिलंय. श्वास सोडून झाल्यावर आत ओढायला गेलात आणि काहीच आलं नाही, त्या क्षणी फुप्फुसं रिकामीच असतात. पोहण्याच्या तलावात हे करून बघा, सोबत प्रशिक्षक असतानाच: पूर्ण श्वास सोडा, रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो ते साधन, तोंडातून काढा आणि बडीपर्यंत पोहत जा. दहा-पंधरा मीटर अंतर किती लांब वाटतं ते त्या दिवशी कळतं. मग बडीला कोपऱ्यात सोडून मासे बघायला कुणी जात नाही.

हिशोब

घाबरलेला माणूस जास्त श्वास घेतो, आणि खोलीवर प्रत्येक श्वास सिलिंडरमधून कितीतरी पट गॅस ओढतो. ४५ मीटरवर दाब ५.५ बार असतो, म्हणजे पृष्ठभागावर मिनिटाला ३० लिटर घेणारा माणूस तिथं मिनिटाला १६५ लिटर संपवतो. शांत पोहताना बहुतेकांचा वापर मिनिटाला १५ ते २० लिटर असतो. संकटाचा हिशोब मी माणशी ३० लिटरनं मांडते, दोघांचे ६०.

समजा ४५ मीटरची डाइव्ह आहे आणि २१ मीटरवर दोघंही आपापल्या ५० टक्के ऑक्सिजनच्या डेको सिलिंडरवर जाणार आहेत. म्हणजे पाठीवरच्या गॅसनं दोघांना २१ मीटरपर्यंत आणायचं आहे. तळाशी गोंधळ निस्तरायला २ मिनिटं धरा: ६० गुणिले ५.५ गुणिले २, म्हणजे ६६० लिटर. ४५ वरून २१ मीटरवर यायला मिनिटाला ९ मीटरच्या वेगानं साधारण ३ मिनिटं लागतात. सरासरी खोली ३३ मीटर, दाब ४.३ बार: ६० गुणिले ४.३ गुणिले ३, म्हणजे ७७४. २१ मीटरवर सिलिंडर बदलायला १ मिनिट: ६० गुणिले ३.१, म्हणजे १८६. बेरीज १६२० लिटर. पाठीवर १२-१२ लिटरच्या दोन सिलिंडरांची जोडी असेल तर २४ नं भागा, साडेसदुसष्ट बार येतात. आम्ही ७० लिहितो. गेज ७० वर आला की डाइव्ह संपली, समोर काहीही दिसत असो. हा हिशोब परत यायची वाट मोकळी असताना, म्हणजे कुठूनही थेट वर निघता येत असतानाच चालतो.

साध्या डाइव्हमध्ये '५० बार राखून वर या' असं सगळीकडं सांगतात. १२ लिटरच्या एका सिलिंडरमध्ये ५० बार म्हणजे ६०० लिटर. ३० मीटरवर दोन घाबरलेली माणसं तेवढं अडीच मिनिटांत संपवतात. हे फळ्यावर लिहिलं की वर्गात कुणी बोलत नाही.

गुहेत किंवा जहाजाच्या पोटात तिसऱ्या हिश्श्याचा नियम लागतो: एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. हा नियम फ्लोरिडाच्या गुहांमध्ये रुजला. तिथं १९७० च्या दशकात गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी गुहेत मेलेल्या डायव्हरांच्या घटना गोळा करून त्यांची कारणं मांडली. बाहेरपर्यंत सलग दोरी नसणं आणि पुरेसा राखीव गॅस नसणं ही त्यांतली ठळक होती. नियम चांगला आहे, पण डोळे झाकून लावला तर फसवतो. दोघांचे सिलिंडर वेगवेगळे असतील तर काय होतं बघा. एकाकडं १२ लिटरची जोडी, २०० बार, म्हणजे ४८०० लिटर. दुसरीकडं ७ लिटरची जोडी, २८०० लिटर. दोघांनी आपापला तिसरा हिस्सा आत जाताना वापरला: त्यानं १६००, तिनं ९३३. सर्वांत आतल्या टोकाला त्याचा सगळा गॅस गेला. तिच्याकडं १८६७ लिटर उरलेत आणि बाहेर यायला दोघांना मिळून २५३३ लागणार. नियम दोघांनीही पाळला होता, तरी गॅस पुरत नाही. उपाय सोपा आहे: हिस्सा लिटरमध्ये काढायचा आणि लहान सिलिंडरवाल्याचा हिस्सा दोघांनी पाळायचा. इथं १२ लिटरची जोडी असलेल्यानं १६५ बारलाच मागं वळावं. 'माझ्याकडं अजून भरपूर आहे' हे वाक्य अशा जोडीत अर्थहीन असतं.

आणि तिसरा हिस्सा राखीव म्हणजे अगदी जेमतेम. एका होजवर दोघं बाहेर पडताना वेग कमी होतो, श्वास वाढतो. प्रवाह असेल किंवा गाळ उडण्याची शक्यता असेल तर मी चौथ्या हिश्श्यावर वळायला लावते.

होज कुठून कुठं जातो

एक सेकंड स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग, ७ फुटी, म्हणजे साधारण २.१ मीटरच्या होजवर. दुसरा आखूड होजवर, रबरी गोफात ओवून हनुवटीखाली गळ्यात. श्वास लांब होजमधून घ्यायचा, आणि संकटात द्यायचाही तोच. नवीन माणसाला हे उलटं वाटतं. 'माझ्या तोंडातला का देऊ? जादाचा देतो की.' पण तोंडातला रेग्युलेटर चालू आहे हे तुम्हाला आत्ता, या श्वासाला माहीत आहे. तो गॅस या खोलीला योग्य आहे हेही माहीत आहे. आणि घाबरलेला माणूस बहुधा तुमच्या तोंडातलाच ओढणार, तेव्हा सगळी मांडणी त्यासाठीच केलेली बरी. लांबी सात फूट असल्यानं अरुंद जागेतून एकामागं एक जाता येतं.

लांब होज उजव्या पोस्टवरून, म्हणजे सिलिंडरच्या जोडीच्या उजव्या व्हॉल्व्हवरून, निघतो, पाठीमागून खाली उतरतो, उजव्या कमरेला टॉर्चच्या बॅटरीच्या डब्याखाली किंवा पट्ट्यात खोचला जातो, छातीवरून तिरका डाव्या खांद्याकडं, मानेमागून वळून उजवीकडून तोंडात. उजव्याच पोस्टवर का? पुढं पोहताना छताला घासली तर डाव्या व्हॉल्व्हची मूठ बंद होण्याच्या दिशेनं फिरते, उजवी उघडण्याच्या. दुसऱ्याला द्यायचा गॅस आपोआप बंद पडणाऱ्या बाजूला नको.

पण गळ्यातला बॅकअप त्याच डाव्या पोस्टवर असतो. डावी मूठ घासून बंद झाली असेल तर तुम्ही लांब होज बडीला द्याल, बॅकअप तोंडात घालाल आणि तुमच्याकडंच काही येणार नाही. एका होजवर दोन रिकामी तोंडं. म्हणून अरुंद जागेतून बाहेर पडलं की दरवेळी हात मागं नेऊन तिन्ही मुठी चाचपायच्या: उजवी, मधली, डावी. उतरताना पहिल्या पाच-सहा मीटरवर बॅकअपमधून दोन श्वास घेऊन बघायचे. हात मागं पोचत नसेल तर खांद्याचे व्यायाम करा किंवा पट्टे सैल करा. 'बडी फिरवून देईल' हे उत्तर मी मान्य करत नाही.

टॉर्चची केबल लांब होजच्या वरून गेली असेल तर होज निघत नाही. ही चूक कपडे चढवतानाच होते आणि बोटीवर कुणाच्या लक्षात येत नाही. बडीनं बघायची, नावानिशी बोलून दाखवायची.

देणं आणि घेणं

गॅस न आलेल्या माणसाचा हात आधी स्वतःच्या गळ्यातल्या बॅकअपकडं जातो. तिथूनही काही आलं नाही, किंवा काय झालंय तेच कळत नाही, तर बडी. खूण एकच: पालथा तळहात गळ्यावरून आडवा, पुन्हा पुन्हा. अंधारात टॉर्चचा झोत बडीच्या नजरेपुढं जोरात डावी-उजवीकडं हलवायचा. खूण करत करतच त्याच्याकडं पोहायचं. खूण करून जागेवर थांबू नये.

देणाऱ्यानं उजव्या हातानं रेग्युलेटर तोंडातून काढायचा, होज जिथं सेकंड स्टेजला जोडलाय त्याच्याजवळ धरून. म्हणजे माउथपीस आणि पर्जचं (दाबून गॅस सोडायचं) बटण दोन्ही घेणाऱ्यासाठी मोकळी राहतात. हात पूर्ण लांब करून तो थेट त्याच्या तोंडापुढं न्यायचा. त्याच हालचालीत डोकं खाली झुकवायचं, म्हणजे मानेमागचा होज सुटतो. डावा हात तोवर बॅकअप तोंडात घालतो. रेग्युलेटर तोंडात नसेल तेवढा वेळ बारीक बुडबुडे सोडत राहायचं, श्वास कधीही कोंडायचा नाही. घेणाऱ्यानं रेग्युलेटरसकट देणाऱ्याचं मनगट पकडलं तरी चालेल. हात झटकू नका, त्याला घेऊ द्या.

यानंतर काहीही करायचं नाही. खरंच काही नाही. तीन-चार श्वास होईपर्यंत दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघत, एकमेकांचा दंड धरून, आहे त्याच खोलीवर थांबायचं. गडबडीत खोली बदलते, आणि गॅस मिळालेला असूनही माणसं तिथून पुढं अडचणीत येतात. श्वास सावरला की देणाऱ्यानं कमरेचा उरलेला होज सोडवायचा, ओके विचारायचं, स्वतःचा गेज वाचून तो आकडा बोटांनी घेणाऱ्याला दाखवायचा. मग बिघाड बघायचा. कधी मूठ फिरलेली असते, उघडली की झालं. नसेल तर डाइव्ह संपल्याची खूण आणि परत.

गुहेत घेणारा पुढं, देणारा मागं, दोघांच्याही हातात दोरी. गॅस नसलेला माणूस मागं राहिला आणि होज ताणला गेला तर पुढच्याला ते उशिरा कळतं. मोकळ्या पाण्यात समोरासमोर किंवा शेजारी. थांबे कोण मोजणार ते उतरण्याआधी ठरलेलं असतं. तोच माणूस घेणारा झाला असेल तर ते काम लगेच दुसऱ्याकडं जातं.

एका गोष्टीवर मी वर्गात आवाज चढवते. तळाशी बडीच्या कुशीला लटकलेल्या डेको सिलिंडरचा रेग्युलेटर ओढून तोंडात घालायचा नाही. ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ४५ मीटरवर घेतलं तर ऑक्सिजनचा दाब २.७५ बार होतो. डेकोत आपण १.६ ही कमाल मानतो. आकडीचा झटका येतो, रेग्युलेटर तोंडातून निसटतो आणि माणूस बुडतो. म्हणून डेको सिलिंडरवर कमाल खोलीचा आकडा मोठ्या अक्षरात चिकटवलेला असतो, २१ किंवा ६, आणि तो बडीनं वाचून मान हलवल्याशिवाय रेग्युलेटर तोंडात जात नाही. दोघं आपापल्या डेको गॅसवर स्थिरावले की वाटून घेणं संपलं. एकाचा डेको सिलिंडर हरवला किंवा बिघडला तर काय, पाळीपाळीनं एकच वापरायचा की पाठीवरच्या गॅसवर जास्त वेळ थांबायचं, तेही आधी वहीत लिहा. दुसऱ्या पर्यायाला जास्त गॅस लागतो, म्हणजे वरचे ७० बार पुरत नाहीत. हिशोब नव्यानं करा.

गच्चीवर

उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर, फरशी जरा निवली की, आम्ही सतरंज्या घालून पालथे झोपतो. सिलिंडर नाही, फक्त हार्नेस, होज आणि रेग्युलेटर. पालथं झोपूनच सराव करायचा, कारण पाण्यातही शरीर आडवंच असतं. उभ्यानं शिकलेले हात आडव्यात चुकतात. पाच-सात वेळा डोळे उघडे ठेवून, मग डोळ्यांवर गमछा बांधून.

माझ्याकडं एक शाळामास्तर आणि त्यांचा मेहुणा जोडीनं शिकत होते. मास्तर सावकाश, नीटनेटके, मेहुणा चपळ. मेहुण्यानं गळ्यावर हात फिरवला की मास्तर आधी स्वतःचा बॅकअप चाचपायचे, मग लांब होज काढायचे. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मेहुणा उठून बसला. "दाजी, तुमचं होईस्तोवर मी संपलो की."

"अरे, माझा बॅकअप जागेवर आहे का ते बघायला नको?"

"ते आधीच बघून ठेवायचं ना, दाजी."

मेहुण्याचं बरोबर होतं. बॅकअप जागेवर असणं ही उतरण्याआधीची तपासणी आहे, देण्याच्या क्षणी तिला वेळ नसतो. मास्तरांनी त्यानंतर होज घातल्यावर आणि दर काही मिनिटांनी हनुवटीनं बॅकअपला स्पर्श करायची सवय लावून घेतली. ही सवय मी आता सगळ्यांनाच लावते.

त्याच जोडीकडून आणखी एक गोष्ट लक्षात आली. मेहुणा दाजींना मान देतो, म्हणून त्यांचा गेज विचारायला कचरायचा. आपल्याकडं हे फार होतं: वयानं मोठा, नात्यानं मोठा, किंवा प्रशिक्षक, त्याला कसं विचारायचं? पाण्यात विचारायचंच. दर पाच मिनिटांनी गेजचा आकडा मागायचा आणि आपला सांगायचा. मला विद्यार्थी आकडा मागतात तेव्हा मला बरं वाटतं.

बडी नवा असेल तर

अंदमानच्या बोटीवर अनोळखी माणसाशी जोडी लागते. त्याच्या डाइव्हच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. विचारा: मी गळ्यावर हात फिरवला तर तू मला कोणता रेग्युलेटर देणार? होज किती लांब? सिलिंडर किती लिटरचे? तुझ्या हिशोबानं वळायचा आकडा किती? त्याचा आकडा आणि तुमचा जुळला नाही तर कागद काढून दोघांनी मिळून पुन्हा मांडा, आणि दोन्हींतला मोठा घ्या. तो लांब होज वापरत नसेल आणि जादाचा रेग्युलेटर देणार असेल तर तो कुठं अडकवलाय ते हातानं धरून बघा. अशा जोडीत मी डेकोची डाइव्ह करत नाही. उथळ, थांबे नसलेली करते.

मग ६ मीटरवर थांबायचं. एकदा त्यानं मागायचं, तुम्ही द्यायचं. एकदा तुम्ही मागायचं, त्यानं द्यायचं. पूर्ण होज सोडवून, दोन-तीन मिनिटं त्यावर पोहून. कुणी 'वर दाखवलंय ना' म्हणून हे टाळत असेल तर अंगठा वर करून डाइव्ह तिथंच संपवा. सगळं नीट झालं तर होज जागेवर खोचा, केबल होजखाली आहे ना ते एकमेकांचं बघा, गेज दाखवा आणि खाली निघा.